फर्नांडिस, रेमो
(८ मे १९५३– ). गोमंतकीय रॉक गीतकार, संगीतकार व गायक. बार्देशातील शिवोलीचे. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, पण रमले गिटारमध्येच. बँडमधून वाजवून झाल्यावर त्यांनी एकल वाट धरली.

‘गोअन क्रेझी’ (१९८४) हा त्यांचा सर्वांत स्वतःचा अल्बम. शिवोलीतील घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, बहुतेक वाद्ये व सारे आवाज एकट्याने एकावर एक चढवून तो ध्वनिमुद्रित झाला. चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून पुढच्या थरासाठी जागा काढायची. दर वेळी आवाज थोडा मळतो. ही खरखर त्या अल्बमला शोभते. वेष्टनाचे चित्र त्यांचेच, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवणारेही तेच. गाण्यांत गोवा आहे, पर्यटकांच्या पत्रकातला नव्हे. विनोद बोचरा, भाषा इंग्रजी, ठेका कधी मांडो या गोमंतकीय नृत्यगीताचा. ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये (१९८६) अमली पदार्थांवर रोख आहे. देशभर नाव झाले ते चित्रपटगीतांमुळे (‘जलवा’, ‘बॉम्बे’), पण गीतकार म्हणून त्यांचा कस घरच्या कॅसेटींतच दिसतो. पद्मश्री (२००७).