बौद्धिक अक्षमता परिचर्यासेवांचे निरीक्षण, इंग्लंडमधील
बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना निवास, परिचर्या व उपचार पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी, तपासणी आणि दोष आढळल्यास कारवाई करणारी शासकीय व्यवस्था. सामान्य माणसास सेवा वाईट वाटल्यास तो ती सोडू शकतो किंवा तिच्याविरुद्ध तक्रार करू शकतो. ह्या संस्थांतील अनेक रहिवाशांना बोलणे अवघड जाते व संस्था सोडण्याची मोकळीकही नसते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत निरीक्षकाची जबाबदारी विशेष मोठी ठरते. तथापि ह्या व्यवस्थेतील प्रमुख सुधारणा बहुधा गैरप्रकार बाहेर फुटल्यानंतरच झालेल्या आहेत.

इंग्लंड व वेल्समध्ये १८४५ च्या कायद्याने मनोरुग्णालयांच्या तपासणीसाठी आयुक्तमंडळ नेमण्यात आले. १९१३ च्या मानसिक न्यूनता अधिनियमाने ते काम नव्या नियंत्रण मंडळाकडे सोपविले. १९४८ मध्ये बहुतेक मोठ्या वसाहती राष्ट्रीय आरोग्यसेवेत समाविष्ट झाल्या. १९५९ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने नियंत्रण मंडळ रद्द केले आणि ह्या रुग्णालयांची नियमित तपासणी करणारी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उरली नाही.

ह्या उणिवेचे परिणाम कार्डिफ येथील ईली रुग्णालयात उघड झाले. तेथील मारहाण व चोऱ्या यांविषयीचे आरोप १९६७ मध्ये वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. जेफ्री हौ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीचा अहवाल मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर त्याच वर्षी रुग्णालय सल्लागार सेवा स्थापन झाली; परंतु नावाप्रमाणे ती सल्ला देणारी होती, सक्तीचे अधिकार तिला नव्हते. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने रुग्णालयांतील जागा सु. निम्म्याने कमी करून समाजातच निवासाची सोय वाढविण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे लहान निवासगृहे वाढली व निरीक्षणाचे क्षेत्र विखुरले. १९८४ च्या नोंदणीकृत निवासगृह अधिनियमान्वये खाजगी निवासगृहांची तपासणी स्थानिक प्राधिकरणांकडे होती. ती स्वतःही निवासगृहे चालवीत असत. ही दुहेरी भूमिका २००० च्या परिचर्या मानके अधिनियमाने संपविली. २००२ पासून राष्ट्रीय आयोगाने हे काम हाती घेतले आणि पुढील फेररचनांनंतर २००९ मध्ये ते परिचर्या गुणवत्ता आयोगाकडे आले.

ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू ह्या २४ खाटांच्या खाजगी रुग्णालयातील छळाची माहिती एका ज्येष्ठ परिचारकाने प्रथम व्यवस्थापकांना व नंतर आयोगाला दिली. पण आयोगाने तिचा पाठपुरावा केला नाही. मे २०११ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीने गुप्तपणे केलेले चित्रीकरण दाखविले, तेव्हा रुग्णालय बंद झाले. २०१२ मध्ये अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवास भोगावा लागला. त्यानंतर तपासणीची पद्धत बदलली. २०१४ पासून संस्थांना उत्कृष्ट, चांगली, सुधारणेची गरज असलेली व अपुरी अशा चार श्रेणी देण्यात येऊ लागल्या. तपासणी पथकांत स्वतः अशा सेवा घेतलेल्या व्यक्तींचाही सहभाग असतो.

तरीही २०१९ मध्ये डरॅम परगण्यातील व्हॉर्लटन हॉल येथे असाच छळ चित्रित झाला. आयोगाने त्या संस्थेस ‘चांगली’ ही श्रेणी दिलेली होती. २०१५ च्या तपासणीतील चिंताजनक नोंदींचा अहवाल तर प्रसिद्धच झाला नव्हता. ग्लिनिस मर्फी यांच्या स्वतंत्र परीक्षणाने (२०२०) पूर्वसूचनेविना, तसेच सायंकाळी व सुटीच्या दिवशी भेटी द्याव्यात, रहिवासी व कुटुंबीय यांच्याशी बोलावे आणि प्रत्यक्ष वर्तन पाहावे, असे सुचविले. २०२४ मध्ये पेनी डॅश यांच्या अहवालात मात्र आयोगाच्या तपासण्यांची संख्या बरीच घटल्याचे व अनेक श्रेणी जुन्या झाल्याचे दिसून आले.

नोंदवह्या, प्रशिक्षणाचे दाखले व लेखी कार्यपद्धती तपासणे सोपे असते. बंद दाराआडचे वर्तन त्यांत उमटत नाही. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेल्या संस्थेत ते दडून राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून नियमांच्या संख्येपेक्षा निरीक्षक किती वेळा, कोणत्या वेळी जातो आणि तेथे कोणाचे ऐकतो, ह्यांवर रहिवाशांची सुरक्षितता अधिक अवलंबून असते.