दारू न पिणाऱ्यांच्या यकृताचा इतिहास

मूतखड्याच्या संशयाने पोटाची सोनोग्राफी करावी आणि अहवालाच्या तळाशी ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी ओळ निघावी, हे आता नित्याचे झाले आहे. त्याच माणसाच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइडचा आकडा १५० च्या पुढे गेलेला असतो. हे दोन कागद बहुधा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे जातात आणि दोन आजार म्हणून वाचले जातात. मुळात बिघाड एकच. तो ओळखायला वैद्यकाला दीड शतकाहून अधिक काळ लागला. या उशिराचा दोष उपकरणांच्या अभावाला देता येईल, पण तो अर्धाच खरा आहे. उत्तर आधीच ठरवून ठेवलेले होते, हे मला अधिक मोठे कारण वाटते.

ते ठरलेले उत्तर म्हणजे दारू. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८३६ मध्ये मद्यपींच्या चरबीयुक्त यकृताचे वर्णन केले आणि पुढे हा संबंध इतका पक्का झाला, की असे यकृत दिसले की संशय आधी बाटलीवर जाई. याला छेद देणारा पुरावा मिळत नव्हता असे नाही. अमेरिकेत झेलमन यांनी १९५२ मध्ये लठ्ठ माणसांच्या यकृतातील बदल नोंदवले. त्यांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले ते दिवसाला कोका-कोलाच्या वीसहून अधिक बाटल्या रिचवणाऱ्या एका रुग्णालयीन कर्मचाऱ्यामुळे. तरीही आजाराला नाव मिळाले ते थेट १९८० मध्ये. मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या बायोप्सी मांडल्या. यकृत हुबेहूब दारुड्याचे, सूज तीच, काहींत सिरोसिसही. रुग्ण मात्र बहुतांशी स्थूल आणि दारूपासून दूर. त्याआधी अशा किती जणांनी ‘मी पीत नाही’ असे परोपरीने सांगितले असेल आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नसेल, याची मोजदाद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. आजाराच्या इतिहासातला हा अन्याय मला लहान वाटत नाही.

रक्ताच्या बाजूलाही असेच घडले. मार्गारेट अल्ब्रिंक आणि एव्हलिन मॅन यांनी १९५९ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड वाढलेले दाखवले, पण तो जमाना कोलेस्टेरॉलचा होता. १९७२ च्या फ्रिडवाल्ड सूत्रात ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचे आणि ते वजा करून एलडीएल कोलेस्टेरॉल काढायचे, एवढीच त्याची भूमिका उरली. ४०० च्या वर गेले तर सूत्रच कोलमडते. म्हणजे जो आकडा स्वतः काही सांगत होता, तो दुसऱ्या आकड्याच्या हिशेबात खर्ची पडला. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये इन्सुलिनला न जुमानणारे शरीर, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांची एक मोट बांधली. तिच्यातही यकृत नव्हते. इटलीतील मार्केसिनी यांच्या गटाने ते १९९९ मध्ये इन्सुलिनशी जोडून दाखवले. इन्सुलिनचा धाक उरला नाही की चरबीच्या पेशी स्निग्धाम्ले सोडत राहतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड करते, काही रक्तात पाठवते आणि उरलेले त्याच्याकडेच साचते. लिपिड प्रोफाइल पाठवलेला माल मोजते, सोनोग्राफी साठलेला दाखवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पूर्वी हा आजार मुळात कमीच होता, आज तो खाण्यापिण्याने वाढला, आणि यंत्रे स्वस्त झाल्यामुळे निरुपद्रवी चरबीही आजार ठरू लागली. प्रमाण वाढले हे खरेच. साधी चरबी असलेल्या बहुतेकांना सिरोसिस होत नाही, हेही खरे. पण अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार आहेत. त्यामुळे ‘यकृत तर ठीक आहे’ असे म्हणून कागद बाजूला सारणे चुकीचे. शिवाय सोनोग्राफीत यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा उजळ दिसते एवढेच कळते. ती चरबी दारूने आली की इन्सुलिनच्या बिघाडाने, हे चित्र सांगत नाही. ते आजही विचारावेच लागते आणि उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

आपल्याकडे दारूखेरीज लठ्ठपणा हेही ठरलेले उत्तर अपुरे पडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती; म्हणजे वजन कमी म्हणून चरबीही कमीच, असे नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूममधील ग्रामीण पाहणीत, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ८.७ टक्के लोकांत चरबीयुक्त यकृत आढळले आणि त्यांतील ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या खाली होता. २०२३ मध्ये आजाराचे नाव बदलून चयापचयाशी जोडले गेले, तेव्हा निकषांत आशियाई लोकांसाठी बीएमआयची रेषा २३ वर आली. त्याच यादीत १५० च्या पुढचे ट्रायग्लिसराइडही स्वतंत्र निकष म्हणून बसले, त्यामुळे सडपातळ माणसाचे दोन्ही कागद आता एकत्र वाचता येतात.