प्रोग्रेसिव्ह चष्मा जमत नाही? आधी काच तपासून घ्या

‘डॉक्टर, चष्मा महागाचा घेतला, पण घातला की गरगरतं.’ चाळिशी लागलेले अनेक रुग्ण ही तक्रार करतात आणि चष्मा कपाटात ठेवून देतात. तसे करण्यापूर्वी हे वाचा.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर दूरचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलणारा अरुंद पट्टा असतो. कडेला थोडे अस्पष्ट दिसतेच. तो दोष नाही. सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर जिना उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहा.

लेन्सोमीटर काय सांगतो?

चष्म्याच्या दुकानातले हे यंत्र काचेतून प्रकाश सोडून नंबर, सिलिंडर, त्याचा अक्ष आणि प्रिझम मोजते. साध्या काचेत मध्यभागी मोजले की पुरते. प्रोग्रेसिव्ह काचेत मात्र जागा चुकली की आकडाही चुकतो. म्हणून प्रत्येक काचेवर एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कायमच्या खुणा कोरलेल्या असतात. कानाकडच्या खुणेखाली जवळचा वाढीव नंबर, म्हणजे ‘ॲडिशन’ असते. ‘२०’ असेल तर सहसा +२.००. या खुणांवर कंपनीचा तक्ता ठेवून मोजायच्या जागा ठरवतात.

काही नव्या काचांच्या पाकिटावर दोन नंबर असतात: एक डॉक्टरांनी दिलेला, दुसरा यंत्रावर दिसायला हवा तो. अशा वेळी तुलना दुसऱ्याशी करायची. म्हणून पाकीट जपून ठेवा.

यंत्र काय सांगत नाही?

काच बरोबर असूनही ती डोळ्यासमोर बरोबर बसली आहे का, हे लेन्सोमीटरला कळत नाही. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचे अंतर वेगळे मोजावे लागते. बाहुलीची उंची तुम्ही निवडलेलीच फ्रेम घालून मोजतात. फ्रेम दोन-तीन मिलिमीटर घसरली तरी फरक पडतो; कधी नुसती फ्रेम नीट बसवून काम भागते.

कामही सांगा. सोलापुरात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बहिणींना प्रोग्रेसिव्हचा जवळचा भाग अपुरा पडू शकतो. कामासाठी जवळचा वेगळा चष्मा सोयीचा आणि स्वस्तही ठरतो.

काच आणि फिटिंग दोन्ही ठीक असतील तर?

नंबर पुन्हा तपासा आणि रक्तातील साखरही. साखर फार वर-खाली होत असेल तर नंबर बदलत राहतो. मधुमेहाचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर साखर काही आठवडे स्थिर होऊ द्या, मगच नवा चष्मा करा.

अचानक कमी दिसणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, प्रकाशाच्या चमका दिसणे, एकाएकी एकाचे दोन दिसणे किंवा डोळा लाल होऊन दुखणे ही चष्म्याची तक्रार नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.