‘टेक’ : शत्रूंनी आणलेले, शेजाऱ्यांत रुजलेले क्रियापद

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एक क्रियापद.

इंग्रजीतले ‘टेक’ आपण प्राथमिक शाळेत शिकलो आणि त्याचा अर्थ ‘घेणे’ असा पाठ केला. औषध घेणे, निरोप घेणे येथवर तो अर्थ नीट चालतो. परंतु छायाचित्र आपण काढतो, बस पकडतो, प्रवासाला दोन तास लागतात, मुलगी आईच्या वळणावर जाते. आणि या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’च असते. परीक्षेची तर गंमतच. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात व विद्यार्थी ती देतो. इंग्रजीत विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो.

इतके सर्वसंचारी क्रियापद त्या भाषेच्या जन्मापासूनचे असणार, असे कोणासही वाटेल. ते तसे नाही. अल्फ्रेड राजाच्या काळातल्या, म्हणजे नवव्या शतकातल्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. आजच्या जर्मनमधील ‘नेमेन’ हे त्याचे सख्खे भावंड. ‘टेक’ आले ते प्राचीन नॉर्स भाषेतील ‘ताका’पासून. ही व्हायकिंगांची भाषा.

येथे एक आयती गोष्ट हाताशी येते : लुटारू आले, सर्व काही घेऊन गेले आणि जाताना ‘घेणे’ हे क्रियापद तेवढे मागे ठेवून गेले! ऐकायला ती छान वाटते. मात्र ती चुकीची आहे. इ. स. 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली, त्यानंतरही अनेक दशके हल्ले होत राहिले. पण धाडीतून भाषेला क्रियापद मिळत नाही. ज्याच्यापासून जीव मुठीत धरून पळायचे, त्याच्या बोलीतून रोजच्या वापरातला शब्द कोण उचलील?

खरा बदल पुढचा आहे. 865 मध्ये डेन लोकांचे मोठे सैन्य आले आणि या वेळी ते परत गेले नाही. 876 सालची अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमधील नोंद मला सबंध व्हायकिंग इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वाटते. हाफडानने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटून दिली आणि ते नांगरणी करून उदरनिर्वाह करू लागले, एवढेच ती सांगते. तलवारीच्या जागी नांगर आला. 878 मध्ये एडिंग्टनच्या लढाईत अल्फ्रेडने गुथ्रमचा पराभव केला. पुढे दोघांच्या तहात टेम्स, ली आणि ऊझ या नद्यांच्या आधाराने सीमा आखली गेली. तिच्या पलीकडच्या ईशान्येकडील मुलखास पुढे ‘डेनलॉ’ म्हणू लागले. ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी या गावांच्या नावांतील ‘बी’ म्हणजे नॉर्समध्ये वाडी किंवा गाव. नकाशावर ही नावे आजही दाटीने दिसतात.

या गावांत इंग्रज व डेन शेजारी राहिले, एकाच बाजारात गेले, त्यांच्यात सोयरिकी झाल्या. दोन्ही भाषा मुळात एकाच जर्मॅनिक कुळातल्या. त्यामुळे परस्परांचे बोलणे बरेचसे उमगत असावे. अशाच घरोब्यात ‘ताका’ इंग्रजांच्या तोंडी बसले. एकटे ‘टेक’च नव्हे, तर ‘ते, त्यांना, त्यांचे’ या अर्थांची ‘दे, देम, देअर’ ही सर्वनामेही नॉर्सच आहेत.

तुलनेसाठी आपल्याकडे पाहा. फारसीने मराठीला कितीतरी नामे दिली. राज्यकारभारात ती इतकी भरली की शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचावा लागला. तरीही आपले ‘घेणे’, ‘देणे’, ‘ते’ आणि ‘त्यांचे’ जागचे हलले नाहीत. दरबारातून नामे येतात. सर्वनामे यायला एक अंगण लागते.

लिखाणात ‘टेक’ दिसू लागते ते मात्र अकराव्या शतकाच्या अखेरीस. कारण उघड आहे : लेखनाची प्रतिष्ठित बोली दक्षिणेकडील वेसेक्सची होती, आणि हा शब्द उत्तर-पूर्वेकडील शेतकऱ्यांच्या तोंडचा. ‘ताका’चा मूळ अर्थ स्पर्श करणे, हाताने धरणे असा असावा, गॉथिक भाषेतील त्याचा नातलग ‘स्पर्श करणे’ याच अर्थाचा आहे.

गंमत अशी की नॉर्समध्येही ‘निमन’चे भावंड होते : ‘नेमा’. आइसलँडमधील वसाहतीला ‘लांडनाम’, म्हणजे भूमिग्रहण, म्हणतात, ते याच धातूवरून.

मग ‘निमन’चे काय झाले? काही शतके दोन्ही क्रियापदे शेजारी नांदली. हळूहळू जुने मागे पडले. त्याचे अवशेष आजच्या इंग्रजीत वेषांतर करून वावरतात. ‘नंब’ म्हणजे बधिर. मुळात ‘घेतला गेलेला’, थंडीने किंवा व्याधीने ग्रासलेला. ‘निंबल’ म्हणजे चपळ. मुळात चटकन घेणारा. आणि खुद्द ‘निम’? सतराव्या शतकाच्या आरंभी ते चोरांच्या बोलीत सापडते. अर्थ : लांबवणे, हातोहात पळवणे. लुटारूंचे क्रियापद सभ्य झाले आणि घरचे क्रियापद चोर ठरले!

शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात निम नावाचा एक शिपाई आहे. स्वारीत चोऱ्या करतो आणि अखेर फासावर जातो. त्या काळच्या प्रेक्षकांना नाव ऐकताच त्याचा धंदा कळला असणार.