भरूच ते तेर : ३० दिवस

विमानाचं तिकीट काढताना आपण किलोमीटर कधी बघतो का? किती तास, किती थांबे, संपलं. अंतर वेळेत मोजायची ही सवय विमानाबरोबर आली असं वाटत असेल, तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट ऐका.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराचं एक हस्तपुस्तक लिहिलं, 'पेरिप्लस'. किनाऱ्यावरची अंतरं तो स्टेडिया या मापात देतो. जमिनीवर आला की मात्र सरळ दिवस मोजतो. भरूच बंदरापासून दक्षिणेला पैठण २० दिवस. तिथून पूर्वेला तगर १० दिवस, आणि हे तगर फार मोठं शहर. धड रस्ते नसलेल्या मुलखातून माल गाड्यांवर यायचा. पैठणहून अकीक, तगरहून साधं कापड आणि मलमल.

हे तगर कुठलं? कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरचं नाव मांडलं आणि ते टिकलं. नकाशावर पट्टी ठेवून तुम्हीच बघा. देवगिरी पैठणच्या उत्तरेला, जुन्नर पश्चिमेला. दोन्ही बाद. भरूच-पैठण हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, पैठण-तेर १५०. म्हणजे दिवसाला १७ आणि १५. बैलगाडीचा हिशेब दोन्हीकडे जुळतो! (तेर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण एवढं चालायचंच.) जेट विमानाला हे ५०० किलोमीटर पाऊण तासाच्या आतलं काम.

आता खरी गंमत. इजिप्तहून भरूचला येणारी जहाजं जुलैत निघायची, मोसमी वाऱ्यावर. परत जायची हिवाळ्यात, वारा उलटला की. इकडे पावसाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या मातीत गाडी घालून बघा, चाक आसापर्यंत रुतेल. म्हणजे पाऊस उघडल्यावर बैल जुंपायचे आणि जहाज सुटायच्या आत महिन्याभराची वाट तुडवायची. चुकलं, तर माल पुढच्या वर्षापर्यंत पडून. हा हिशेब माझा, पण वारा आणि चिखल कुणाची डेडलाइन पुढे ढकलत नाहीत.

तरीही हा व्यापार चालला. तेरला हस्तिदंताची एक बाहुली सापडली आहे. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या भारतीय मूर्तीशी तिचं चांगलंच साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं, तेव्हा काळाचा अंदाज तुम्हीच करा.

आज तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण जिल्ह्याचं नाव निघालं की पाठोपाठ 'मागास' हा शब्द येतो, ते खटकतं. मागास म्हणजे सगळ्यापासून लांब, असं आपण धरून चालतो. तेर तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी लांब होतं. तरी जगाला ते माहीत होतं, कारण तिथल्या मालाला गिऱ्हाईक होतं.

धाराशिवला धावपट्टी आहे. विमानं जरूर मागावीत. पण त्यात इथून काय चढणार, हे तेरच्या विणकरांना जसं पक्कं ठाऊक होतं, तसं आपल्यालाही असायला हवं.