वाईचे घाट आणि पडद्यावरची गावे

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे पुरातन क्षेत्र. पुणे-सातारा रस्त्यावरून आत वळले की दूरवर पांडवगडाचा डोंगर दिसतो, समोर पसरणीचा घाट पाचगणीकडे चढत जातो, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी कृष्णामाईच्या दोन्ही तीरांवर हे गाव वसले आहे. देवळे इतकी की भाविकांनी तिला ‘दक्षिण काशी’ म्हटले. विराटनगरी ती हीच, असेही जुने लोक सांगत आले. अलीकडच्या पाव शतकात मात्र वाईची आणखी एक ओळख झाली आहे. हिंदी चित्रपटांत जे उत्तरेकडचे गाव म्हणून दिसते ते पुष्कळदा वाई किंवा तिच्या आसपासचेच एखादे गाव असते. पाहणाऱ्या लाखो लोकांना याची कल्पनाही नसते.

चित्रपटवाल्यांचा ओघ वाईकडे लागला त्यात प्रकाश झा यांचा वाटा मोठा. हे दिग्दर्शक स्वतः बिहारचे. त्यांच्या कथाही बिहारच्याच. तरीही १९९७ सालच्या ‘मृत्युदंड’साठी ते कॅमेरा घेऊन वाईच्या परिसरात आले आणि २००३ सालच्या ‘गंगाजल’साठी पुन्हा आले. ‘गंगाजल’मधील तेजपूर नावाचे बिहारी शहर सातारा-वाई भागात उभे राहिले. त्यानंतर २००४ साली आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ आला, २००६ साली विशाल भारद्वाज यांचा ‘ओंकारा’ आणि २०१० साली ‘दबंग’. या तिन्ही कथा उत्तर प्रदेशातल्या. पुढे २०१३ साली ‘चेन्नई एक्स्प्रेस’ने तर याच वाईला थेट तमिळ मुलखात नेऊन बसवले. एकच गाव कधी गंगेकाठी तर कधी कावेरीच्या बाजूला! कृष्णामाई मात्र आपल्या ठिकाणी आहे तशीच वाहते आहे.

मंडळी वाईलाच का येतात, याची व्यवहारी कारणे सांगता येतात. मुंबई एका दिवसाच्या प्रवासावर आहे. नट-नट्यांच्या मुक्कामाला पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेले आहेत. जुने वाडे, अरुंद बोळ, उसाची शेते, डोंगर आणि नदी हे सारे चार-पाच मैलांच्या आत सापडते. धोमला कृष्णेवर धरण झाले, त्याचे विस्तीर्ण पाणीही जवळच आहे. एकदा दोन-चार चित्रपट झाले की बैलगाड्या पुरवणारे, मांडव घालणारे, गर्दीसाठी माणसे जमवणारे लोकही गावातच तयार होतात आणि मग पुढच्यांचे काम आणखी सोपे होते. हे सर्व खरे असले तरी मुख्य कारण दगडात आहे. नदीत उतरणाऱ्या प्रशस्त पायऱ्या आणि पायऱ्यांच्या माथ्यावर देवळाचे शिखर हे दृश्य दिसले की भारतातला कोणताही माणूस मनात काशी म्हणतो. ते दृश्य वाईत कुणी निर्माण केले, हे पाहणे अगत्याचे आहे.

वाईच्या वैभवाचा काळ म्हणजे अठरावे शतक, आणि त्या वैभवाचे धनी म्हणजे रास्ते घराणे. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली होती. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव ही तिचीच मुले. पेशव्यांशी सोयरीक झाल्यावर रास्त्यांचा उत्कर्ष झाला आणि त्यांनी मिळवलेला पैसा कृष्णेच्या काठी दगडाच्या रूपाने ओतला. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७६२ साली गणपतीचे देऊळ बांधले. मूर्ती इतकी स्थूल व भव्य की लोक त्याला ढोल्या गणपती म्हणू लागले आणि तेच नाव चालू राहिले. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आणि त्यातला काळ्या दगडाचा तुळतुळीत नंदी हीदेखील रास्त्यांचीच देणगी.

ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जाणारे बहुतेक भाविक पुढून नमस्कार करून परततात. देवळाच्या मागे जाऊन पाहणारे थोडे. खरे तर कारागिराची अक्कल मागेच दिसते. देऊळ अगदी नदीच्या पात्रालगत आहे. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या डोंगरातले पाणी घेऊन कृष्णा फुगते तेव्हा तिचा सारा लोंढा देवळावर येणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी मागची भिंत सरळ न बांधता नावेच्या नाळेसारखी, माशाच्या तोंडासारखी टोकदार बांधली. पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने अंगावर घेतले आहेत. देवळाचे काम काढणाऱ्या कोणत्याही गावाने आपला गवंडी एकदा तरी तेथे नेऊन ती भिंत दाखवावी, अशी ती आहे.

आता काशीची गोष्ट. चित्रपटवाल्यांना वाईत उत्तरेकडचा भास होतो याचे पुष्कळांना नवल वाटते. पण काशीचा आजचा चेहरामोहराच मुळी बऱ्याच अंशी मराठी माणसांनी घडवलेला आहे. दशाश्वमेध घाट बांधून काढला तो बाळाजी बाजीराव पेशव्यांनी, १७४८ च्या सुमारास. विश्वनाथाचे देऊळ १७८० साली पुन्हा उभे केले ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी. नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट तेथे आहे आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला शिंदे घाटही आहे. ज्या सरदारांनी आणि ज्या पिढ्यांनी गोदा-कृष्णेचे काठ बांधले त्यांनीच गंगेचा काठही बांधला. मनात एकच कल्पना, हाताशी एकच रीत, आणि दान करण्यामागचा भावही एकच. तेव्हा वाई काशीसारखी दिसते याइतकेच काशी वाईसारखी दिसते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पडद्यावर वाईला बिहार किंवा उत्तर प्रदेश म्हणून दाखवणाऱ्यांनी नकळत एका जुन्या नात्याचीच साक्ष दिली आहे.

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली आहे. ‘स्वदेस’मध्ये अमेरिकेतून परतलेला इंजिनिअर मोहन भार्गव आपल्या कावेरीअम्माला शोधत ज्या चरणपूर गावी येतो, ते चरणपूर बरेचसे या मेणवलीतच चित्रित झाले. गावात वीज टिकत नाही, शाळेत मुले येत नाहीत, जातीपातीचे कुंपण मोडत नाही, अशा गावाची ती कथा. मोहन गावकऱ्यांना हाताशी धरून पाण्यावर वीज निर्माण करतो. चित्रपट आला त्या वेळी तो फार चालला नाही, पण पुढे दूरदर्शन संचावरून घराघरांत पोचला आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्याही मनात घर करून बसला. आज मेणवलीस येणारे पुष्कळ प्रवासी पहिला प्रश्न विचारतात तो ‘स्वदेस’चा घाट कोणता, हाच.

तो घाट नाना फडणविसांचा. १७६८ साली भवानराव पंतप्रतिनिधींकडून मेणवली गाव नानांना मिळाले. नाना तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी तेथे सहा चौकांचा भक्कम वाडा बांधला, वाड्याच्या मागे कृष्णेवर घाट बांधला आणि घाटावर मेणेश्वर महादेवाचे व विष्णूचे अशी दोन देवळे उभारली. वाड्यातील भिंतींवर चितारलेली जुनी चित्रे अजून दिसतात. पुण्याच्या कारभाराचा गाडा ओढणाऱ्या या मुत्सद्द्याने विसाव्यासाठी केलेली ही जागा. १८०० साली पुण्यात त्यांचा अंत झाला आणि मराठी राज्याचे शहाणपण त्यांच्याबरोबर गेले, असे इतिहासकार म्हणतात. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीस राहिल्या.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकर आणि भीमाशंकर येथल्या घंटाही त्यातल्याच. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. कुणा परक्या मुलखातल्या ओतकामगाराने घडवलेली वस्तू महादेवाच्या दारी येऊन राहिली, आणि तिच्यावरची आकृती कुणी कानशीने घासून काढली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याहूनही मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. नानांनी आपल्या कारभाराची हजारो कागदपत्रे मेणवलीत जपून ठेवली होती. इतिहासात मेणवली दप्तर म्हणून प्रसिद्ध आहे ते हेच. रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवले, साताऱ्याच्या त्यांच्या संग्रहात ते राहिले, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना या कागदांवाचून पुढे जाता आले नाही. चरणपूर शोधत आलेल्या पाहुण्याला हे सांगणारा कुणीतरी घाटावर हवा. निदान बांधणाऱ्याचे नाव आणि साल सांगणारी, चार ओळींची सुवाच्य पाटी तरी प्रत्येक घाटावर हवी.

चित्रीकरणामुळे गावांना फायदा झाला नाही असे नाही. घरांना, वाड्यांना भाडे मिळाले, बैलजोडीवाल्यांना रोज मिळाला, चहावाल्यांना आणि खानावळींना गिऱ्हाईक मिळाले. शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाला असा हातभार लागला तर त्यात वाईट काय? परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चित्रपटाच्या गरजेप्रमाणे भिंतीला रंग द्यायचा, दगडात खिळे ठोकायचे, पायरीवर जड यंत्रे ओढायची, लाकडाचा व प्लास्टरचा खोटा बुरूज खऱ्या बुरुजाला चिकटवायचा, हे सारे त्या धंद्यात चालतेच. काम संपले की मंडळी निघून जातात. काळ्या पाषाणावर एकदा तैलरंग चढला की तो काढताना दगडाचा पापुद्रा निघतो आणि चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरले की पाणी आत कोंडते. अर्थात हा दोष एकट्या चित्रपटवाल्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. भक्तीच्या भरात गावकऱ्यांनीच चकचकीत रंगाने मढवलेली पाषाणी देवळे महाराष्ट्रात काय थोडी आहेत? परवानगी देताना काय करायचे नाही ते कागदावर लिहून घेणे, आणि येणाऱ्या रकमेतला ठरलेला हिस्सा त्याच घाटाच्या व देवळाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवणे, एवढे पंचांच्या व विश्वस्तांच्या हाती निश्चित आहे.

पडद्यावर वाईचे दगड दिसले, वाईची माणसे फारशी दिसली नाहीत. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच वाईत राहिले आणि त्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे खंड येथून निघू लागले. पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. साऱ्या महाराष्ट्राला ज्ञान पुरवणारे ते काम कृष्णाकाठच्या या लहान गावातून चालले. पसरणी गावात १९२३ साली जन्मलेले शाहीर साबळे यांनी मुंबईच्या कामगारवस्तीपासून दिल्लीपर्यंत मराठी लोकगीते पोचवली. शंभर वर्षांनी, २०२३ साली, त्यांच्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट निघाला. या भागातल्या माणसाची गोष्ट त्याच्या स्वतःच्या नावाने पडद्यावर आली, याचा पसरणीकरांना आनंद वाटला असेल तर नवल नाही.

वाईच्या घाटांवर कॅमेरे येण्याच्या कितीतरी आधीपासून एक सोहळा भरत आला आहे. १६५९ साली अफजलखान वाईस तळ देऊन होता, तेव्हा शिवाजीमहाराजांना यश यावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी वाईकरांची परंपरेने चालत आलेली समजूत आहे. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी अशा सात आळ्यांचे सात उत्सव. थंडी ओसरू लागली की पहिल्या घाटावर मांडव पडतो. कृष्णाबाईची स्थापना होते, भजन-कीर्तने होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. एका आळीचा उत्सव आटोपला की दुसऱ्या आळीत गडबड सुरू होते, आणि असे करीत करीत कृष्णाबाई सातही घाटांवरचा मान घेते.