जुनी पानपात्रे व त्यांचा संग्रह

आपल्या कासार-तांबट ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय भांड्यांचा. परंतु भांड्यांचा इतिहास ज्ञातीच्या स्मरणिकेत सहसा लिहिला जात नाही. विवाहेच्छूंची यादी, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे, देणगीदारांचे आभार, एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याचे चरित्र इतके झाले की अंक पुरा होतो. ज्या तांब्या-पितळेवर आपल्या आजोबा-पणजोबांनी हयात घालविली, तो तांब्या आणि ते फुलपात्र मात्र माळ्यावरच्या अंधारात राहते आणि तेथून एके दिवशी मोडीच्या काट्यावर जाते. प्रस्तुत लेखकाने गेली काही वर्षे नंदुरबार, शहादे, तळोदे ह्या भागांत जुनी पानपात्रे पाहण्याचा व जमतील तशी जमविण्याचा छंद बाळगला आहे. त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे. पानपात्र म्हणजे पिण्याचे पात्र. विड्याच्या पानाशी त्याचा संबंध नाही, हे तरुण वाचकांसाठी आरंभीच सांगून ठेवतो.

ह्या इतिहासाचे पहिले पान आपल्याच जिल्ह्यात उघडते. तापी व गोमाई ह्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशे हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून सर्वांस ठाऊक आहे. केदारेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असते की, ह्याच गावाच्या पांढरीत १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे श्री. बी. के. थापर ह्यांनी उत्खनन केले आणि लोखंड माहीत होण्यापूर्वीच्या, दगडाबरोबर तांबे वापरणाऱ्या लोकांची वस्ती तेथे उजेडात आली. ही वस्ती साडेतीन हजार वर्षांच्याही मागची होय. सर्वांत खालच्या थरात माळवा पद्धतीची, पिवळसर-नारिंगी लेपावर काळ्या रंगाने चितारलेली भांडी मिळाली; त्यावरच्या थरात जोर्वे पद्धतीची तांबडी भांडी आली. ह्याच तापीकाठच्या सावळदे गावाचे नाव तर त्याहूनही जुन्या एका संस्कृतीस मिळाले असून, तिच्या भांड्यांवर बाण, मासे इत्यादींची चित्रे काढलेली आढळतात. खानदेशास इतिहास नाही, असे म्हणणाऱ्या पंडितांनी प्रकाश्याची एक खापरी हातात घेऊन पाहावी.

जोर्वे पद्धतीच्या भांड्याचा एक विशेष आपल्या ज्ञातीस विचारप्रवृत्त करणारा आहे. ते इतके पक्के भाजलेले असते की टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. त्याच्या वाटीची कड अंगास कोन करून वळलेली असते. त्याच्या तोटीच्या भांड्याची तोटी सरळ नळीसारखी असते. मातीच्या गोळ्यापेक्षा पत्र्याला सहज शोभेल असा हा घाट आहे. नर्मदेकाठी महेश्वरासमोर असलेल्या नावडातोली येथे डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ नंतर जी उत्खनने केली, त्यांत तर बैठकीवर उभे राहणारे चषक आणि पन्हाळीसारखी लांब तोटी असलेल्या वाट्या मिळाल्या. त्यांचे साम्य डॉ. सांकळियांनी इराणातील भांड्यांशी दाखविले. त्या मतावर विद्वानांत वाद झाले. ते काही असो, चषक ही वस्तू परकीयांनी आणली व आपण केवळ ओंजळीने पाणी पीत होतो, ही समजूत मात्र त्या खापऱ्यांनी कायमची पुसून टाकली.

धातूच्या पानपात्रांची दोन उदाहरणे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८५७ साली हिमालयातील कुलू-लाहूल भागात गुंडला येथे मेजर हे ह्या इंग्रज अधिकाऱ्यास एक लोटा मिळाला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या पोटावर चोहोबाजूंनी मिरवणूक कोरलेली आहे : रथातील राजपुत्र, घोडेस्वार, हत्ती, वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया. परंतु कोरीवकाम क्षणभर बाजूस ठेवून केवळ बाह्याकृती पाहिली, तर गोल पोट, आवळलेला गळा आणि बाहेर वळलेला काठ असा तो लोटा आपल्या देवघरातील तांब्याच्या शेजारी ठेवावा आणि कोणास वेगळा वाटू नये! दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. तेथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास काश्याच्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात समुद्रदेवता पोसायडनच्या मूर्तीबरोबर मद्य ओतण्याचा एक रोमन कुंभ होता. त्याला कान आहे, मूठ आहे. रोमन साम्राज्यात घडलेले हे मद्यपात्र पंचगंगेकाठी आले आणि आज कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. कुलूचा लोटा लंडनास गेला व रोमचा कुंभ कोल्हापुरास राहिला, ह्यात काही देवाणघेवाण झाली असे समाधान कोणी मानावयाचे असेल तर मानावे.

आता ह्या दोन घाटांत भेद का पडला? आपल्या लोट्यास मूठ नसते, कारण तो ओठांस लावावयाचा नसतो. पाणी वरून धार धरून प्यावयाचे. उष्टे होऊ द्यावयाचे नाही. काठ बाहेर वळविला म्हणजे धार तुटक पडत नाही. गळा आवळला म्हणजे दोरीचा फास बसतो आणि प्रवाशास वाटेवरच्या विहिरीतून पाणी शेंदता येते. याउलट युरोपात, विशेषतः इंग्लंड, जर्मनी व उत्तरेकडील देशांत, जवाचे मद्य पिण्यासाठी उभट, मुठीचे आणि पुष्कळदा झाकणाचे जे पात्र प्रचारात आले, ते टँकार्ड होय. लाकूड, माती, चांदी आणि कथिलप्रधान मिश्रधातू ह्यांची ती होत. नंदुरबारास १६६६ साली इंग्रजांची वखार होती. त्याच सुमारास त्यांच्या मायदेशी चांदीचे टँकार्ड हे श्रीमंत घराचे भूषण होते. काही टँकार्डांत आतल्या बाजूस एकाखाली एक खुंट्या बसविलेल्या असत. पात्र हातोहात फिरे आणि प्रत्येकाने एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंतच प्यावे असा संकेत असे. एका पात्रास दहा तोंडे लागणे हा तेथे स्नेहाचा मार्ग, तर आपल्याकडे तोच विटाळ! अशी जुनी टँकार्डे जमविणारे शौकीन पाश्चात्त्य देशांत पुष्कळ आहेत, आणि त्यांवरील शिक्क्यांवरून कारागीर, शहर व साल ओळखण्याचे एक शास्त्रच तेथे उभे राहिले आहे. आपल्या तांबटाने मात्र स्वतःचे नाव सहसा कोठेच घातले नाही.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा बांधवांची पानपात्रे धातूची नव्हेत. वाळविलेल्या भोपळ्याची तुंबडी, मातीचे मडके आणि पळसाच्या पानाचा द्रोण ही त्यांची साधने. मोहाची वा ताडीची पहिली धार पूर्वजांच्या नावाने भुईवर सोडावयाची आणि मग आपण घ्यावयाची, अशी रीत. काठीच्या प्रसिद्ध होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेस वाळलेले भोपळे बांधलेले असतात, ते अनेकांनी पाहिले असतील. विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकात तळोदे भागात गुलाम महाराजांनी मद्यत्यागाची जी मोठी चळवळ केली, तिच्यामुळे हजारो घरांतून दारू गेली. तुंबडी मात्र पाण्यासाठी राहिली. ह्या पात्रांस आपण तुच्छ मानीत आलो, ही आपली चूक होय. तुंबडीत पाणी गार राहते, ती हलकी असते आणि डोंगर चढणाऱ्याच्या खांद्यास भार होत नाही. संग्रहात तिचे स्थान चांदीच्या झारीच्या शेजारीच असले पाहिजे.

चांदीच्या झारीवरून आठवले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणास जाताना जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह ह्यांनी चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले. एकेकीचे वजन सुमारे ३४५ किलो! त्या जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. आपल्याकडील गंगाजळी त्या मानाने मुठीएवढी, तोंड डाक देऊन बंद केलेली. परंतु काशीहून ती आणणाऱ्याचा भाव काही लहान नसे.

कारागिरीविषयी तरुणांसाठी दोन शब्द. ठोक्याचे भांडे केवळ शोभेसाठी ठोकलेले नसते. ठोक्याने तांबे कठीण होते, पत्रा पातळ असूनही पोचा पडत नाही, आणि प्रत्येक ठोक्याच्या खळीत उजेड वेगळा चमकतो. मोठा लोटा पुष्कळदा दोन-तीन भागांत घडवून सांधीत. तो सांधा बोटाने चाचपला तर लागतो. तांबे व पितळ एकाच भांड्यात जोडून केलेल्या दोन रंगांच्या भांड्यास गंगा-जमनी म्हणतात. पितळ म्हणजे तांबे व जस्त, कासे म्हणजे तांबे व कथील. आणि आंबट पदार्थाने तांबे-पितळ कळकते म्हणून आतून कथलाची कल्हई. भट्टीत भांडे तापवून नवसागराची पूड टाकताच उठणारा तो पांढरा धूर ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे.

हे सर्व लयास कसे गेले? एकोणिसाव्या शतकात परदेशी तांब्या-पितळेचे पत्रे मुंबईस उतरू लागले. मुंबईच्या तांबाकाट्यावरून माल गावोगाव जाई आणि तापी खोऱ्याची रेल्वे झाल्यावर तर नंदुरबारास तयार भांडीही येऊ लागली. १८९८ साली मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी ॲल्युमिनियमची भांडी करविण्यास आरंभ केला. पुढे स्वातंत्र्यानंतर पोलाद आले, ज्यास कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही व कळक चढत नाही. गृहिणींनी ते पसंत केले, ह्यात त्यांचा दोष मुळीच नाही. राखेने व चिंचेने भांडी घासून ज्यांची बोटे फुटली त्यांस विचारावे. परंतु जुने गेले ते वजनावर गेले. घाट, कोरीव, नाव, साल, सर्व एकाच भावाने. तापीवरील उकाई धरणाने गावे उठली, पुढे नर्मदेवरील धरणाने अक्कलकुवे व अक्राणी तालुक्यांतील गावे उठली; उठलेल्या घराने प्रथम काय विकले असेल, हे कोणासही समजण्याजोगे आहे. आणि लज्जेने लिहावे लागते की मोडीचा तो काटा पुष्कळदा आपल्याच दुकानात होता.

ज्यांनी हा ओघ अडविण्याचा यत्न केला, त्यांपैकी पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर हे अग्रगण्य होत. १८९६ साली जन्मलेल्या व 'अज्ञातवासी' ह्या नावाने काव्य करणाऱ्या ह्या गृहस्थाचा व्यवसाय चष्म्यांचा. परंतु १९२० च्या सुमारास त्यांस जुन्या वस्तूंचे वेड लागले. दिवे, अडकित्ते, झाऱ्या, कमंडलू, दौती असे जे लोक टाकून देत, ते त्यांनी उचलले. पत्नी कमलाबाई ह्यांनी संसार सांभाळून त्यांस साथ दिली. बालवयातच निवर्तलेल्या राजा ह्या पुत्राच्या नावाने त्यांनी १९६२ साली संग्रहालय स्थापिले आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरात जाणारा हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते वारले. आपल्याहून जवळ, अहमदाबादेस, श्री. सुरेंद्र पटेल ह्यांनी १९८१ साली 'वेचार' नावाचे केवळ भांड्यांचे संग्रहालय उभारले. वितळविण्यासाठी जाणारी भांडी पाहून त्यांस ही बुद्धी झाली. आणि कागदपत्रांच्या बाबतीत तर धुळ्याचा राजवाडे संशोधन मंडळाचा आदर्श आपल्या दारी १९२७ पासून उभा आहे. इतिहासाचार्यांनी वाण्याच्या पुडीतून कागद वाचविले. मोडीतून भांडे वाचविणे हे त्याच जातीचे काम होय. खेद इतकाच की केळकर व पटेल हे दोघेही कासार वा तांबट नव्हेत.

कोणास हा छंद करावयाचा असेल तर अनुभवाचे चार शब्द. जुने भांडे तळाशी झिजलेले असते, बाहेरून दिसावयास कितीही चांगले असो. नव्यास आम्लाने काळवंडून जुने म्हणून विकणारे निघाले आहेत, परंतु त्यांस तळाची झीज साधत नाही. आतील कल्हईचे जुने थर खरवडू नयेत आणि भांडे लखलखीत घासून त्याचे वय पुसू नये. कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे नियम लागतात व ती खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. शेत नांगरताना भूमिगत ठेवा हाती आला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांस कळविणे बंधनकारक आहे. प्रकाश्यासारख्या पांढरीतून खापऱ्या उकरून आणणे हे तर संग्रह नव्हे, चोरी होय.

शेवटी एका फुलपात्राची हकीगत. आमच्या घरी आजीच्या माहेरचा एक गंगा-जमनी तांब्या व त्यावर बसणारे फुलपात्र होते. घरातील एका लग्नात पोलादी भांड्यांचा संच घेताना तांब्या मोडीत गेला. देणारा मीच, वय वर्षे एकोणीस, आणि काटा पाहून मला पैसे बरे आले असे वाटले होते. आजी काही बोलली नाही. फुलपात्र तिने पदराखाली ठेवून घेतले होते, हे तिच्या पश्चात तिची पेटी उघडली तेव्हा कळले. त्याच्या काठाखाली ठिपक्यांनी घातलेले नाव आहे, गाव शहादे, आणि साल शके १८१२. नाव येथे देत नाही, कारण ते घराणे आज नांदते आहे. गेल्या वर्षी मी ते फुलपात्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. तेथील वृद्ध गृहस्थांनी चष्मा पुसून ठिपके एकेक करून वाचले, आपल्या वंशावळीची वही काढली, आणि त्या सालापुढे ज्या मुलीचे केवळ 'कन्या' असे टिपण होते, तेथे तिचे नाव लिहिले.